बसून वाजवणारा माणूस

"सर, ही खुर्ची काढू का?"

मंचाच्या मध्यभागी ठेवलेल्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नागेंद्र विचारत होता. त्याच्या स्वरात आदर होता, घाई होती, आणि खुर्ची निघणारच असा विश्वासही होता.

"ऱ्हाऊ दे," भीमरत्न म्हणाले.

"नाही, म्हणजे सॅक्सोफोन उभं राहूनच वाजवतात ना, सर? फोटोपण चांगले येतात."

"मी बसून वाजवतो."

"प्रॅक्टिसला?"

"सगळीकडं."

नागेंद्रने पहिल्या रांगेत बसलेल्या पारमिताकडे पाहिले. भीमरत्नांची ही मुलगी बेळगावात भूलतज्ज्ञ होती, अनगोळमध्ये राहत होती, आणि आज रजा टाकून वडिलांना निपाणीहून घेऊन आली होती. "खुर्चीचा नाद सोडा, सर," ती हसत म्हणाली. "आमच्या घरात त्यावर चर्चा होत नाही."

नागेंद्रने खुर्ची सोडली. तो एका महाविद्यालयात शिकवत असे, लोककलांवर लिहीत असे, आणि या महोत्सवाचा सचिव होता. सीमेवरच्या माणसांना संगीताने जोडायचे, असे महोत्सवाच्या फलकावर दोन भाषांत लिहिलेले होते. ज्यांना तोडण्यात संगीताचा काहीच वाटा नव्हता, त्यांना जोडण्याची जबाबदारी मात्र संगीतावर आली होती.

भीमरत्न त्या फलकाकडे पाहत नव्हते. ते मंचाच्या कोपऱ्यात पाहत होते. तिथे बेंगळूरहून आलेला एक स्थूल माणूस माणसाएवढ्या उंच डबल बासच्या तारा जुळवत होता. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पलीकडे केस घट्ट बांधलेली एक तरुणी ड्रमच्या झांजांचे स्क्रू आवळत होती. दोघे नुकतेच गाडीतून उतरले होते. ओळख करून देण्याचे कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

भीमरत्न एकसष्ट वर्षांचे होते. दूरसंचार खात्यात केबलची दुरुस्ती करता करता त्यांचे केस पांढरे झाले, आणि त्या सगळ्या काळात ते निपाणीत जॅझ वाजवत राहिले. एकटे. बास आणि ड्रम यांच्या सोबतीने ते आजवर एकदाही वाजवू शकले नव्हते. हे संगीत मुळात बोलाचालीचे. एकाने विचारायचे, दुसऱ्याने अडवायचे, तिसऱ्याने हसून वाट मोकळी करून द्यायची. निपाणीत बास म्हणजे वरातीच्या डीजेचा, खिडक्यांची तावदाने थरथरवणारा. तेव्हा भीमरत्न आपली वाक्ये वाजवत, आणि दुसऱ्याचे उत्तर जिथे यायचे तिथे थांबत. ते उत्तर मनात ऐकत, मग पुढे जात. त्यांच्या वादनात त्यामुळे जागोजागी रिकाम्या जागा होत्या. पारमिताने फोनवर टिपलेली एक चित्रफीत वर्षापूर्वी लोकांनी एकमेकांना पाठवली तेव्हा जाणकारांनी त्या मोकळेपणाचे फार कौतुक केले. खुर्चीचेही केले. किती निवांत बैठक, जणू स्वतःच्या अंगणात बसला आहे, असे कुणीतरी लिहिले. रसिकाला उपास दिसत नाही. त्याला सडपातळ बांधा दिसतो.

आज एक तास मिळणार होता. सोबत बास, सोबत ड्रम. भीमरत्नांना दुसरे काही नको होते. सत्कार, शाल, फोटो यांच्याविषयी त्यांनी पत्रव्यवहारात एक शब्दही विचारला नव्हता.

*

खुर्चीची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू होते.

भीमाप्पांच्या घराकडे गावची हलगी होती. लग्न कुणाचेही असो, जत्रा कोणत्याही देवाची असो, यांनी दारात उभे राहून वाजवायचे, नवरदेवाच्या पुढे चालत वाजवायचे, आणि पंगत उठेपर्यंत, जिथे जोडे काढतात त्याच्याही पलीकडे, भुईवर बसून राहायचे. वस्तीने धम्म स्वीकारला त्या वर्षी तरुणांनी हलग्या आणि सनया गोळा करून वस्तीच्या मधोमध पेटवल्या. त्यात भीमाप्पा होते. कातडे जळताना आकसते आणि एकदा शेवटचे वाजते, असे ते सांगत. गावाने मग पुष्कळ दिवस यांना कामावर बोलावले नाही. भीमाप्पा निपाणीला आले, तंबाखूच्या वखारीत हमाल झाले. त्यांची बायको सुलाबाई त्याच वखारीत तंबाखू चाळायला बसू लागली.

अशा घरात तरुण भीमरत्न एके दिवशी बेळगावच्या कॅम्पातून जुना सॅक्सोफोन घेऊन आले. भीमाप्पांनी पेटी उघडून त्या पितळी वाकड्या वस्तूकडे बराच वेळ पाहिले.

"सनईचा थोरला भाऊ म्हनायचा काय ह्यो?"

"न्हाय, अण्णा. ह्ये येगळं हाय. विलायती."

"फुकायचंच हाय न्हवं?"

"व्हय."

"कुणाच्या दारात फुकायचं?"

"कुणाच्याबी न्हाय. शिकालोय मी."

भीमाप्पांनी पेटी मिटली. "मग ऐक. जितं खुर्ची देत्यात तितं वाजीव. उभं ऱ्हाऊन न्हाय. भुईवर बसून न्हाय. कुणाच्या म्होरं चालत तर न्हायच न्हाय. खुर्ची दिली, वाजीव. न्हाय दिली, गप घरला ये."

"व्हय, अण्णा."

एवढेच. या विषयावर बापलेकांत पुन्हा बोलणे झाले नाही.

सराव वखारीत चाले. दुपारनंतर मालाची आवक थांबली की मागच्या रिकाम्या दालनात एक मोडकी खुर्ची ओढून भीमरत्न बसत. तंबाखूची भुकटी हवेत तरंगत असे, कौलांतून उतरलेल्या उन्हाच्या तिरीपांत ती सोन्यासारखी दिसे, आणि श्वास घेतला की शिंक येई. लांब सूर धरण्याआधी शिंका आटपून घ्याव्या लागत. पलीकडच्या दालनात बायका चाळण्या हलवीत. चाळणीची फेक लांब, परत झेल आखूड. लांब, आखूड, लांब, आखूड. कोणत्याही पुस्तकात लिहून दाखवता येत नाही असा तो लंगडा झोका भीमरत्नांना तिथे मिळाला.

"सुलाबाई, तुझं पोरगं रडालंय बघ गं," एखादी ओरडे.

"रडंना का. दात येत असतील."

"मिशा फुटल्या की त्येला!"

"मग अक्कलदाढ येत असंल," सुलाबाई म्हणे, आणि चाळणी किंचित जोरात हलवी. ते मुलासाठी होते की कामावर नजर ठेवणाऱ्या मुकादमासाठी, हे तिने कधी सांगितले नाही.

पुढे यंत्रे आली, बायका गेल्या, वखारीला कुलूप लागले. भीमरत्नांचा एकुलता एक साथीदार गेला.

दर रविवारी ते एसटीने कॅम्पात फेलिक्समास्तरांकडे शिकायला जात. मास्तरांनी मुंबईच्या हॉटेलांत वाजवण्यात उमेदीची वर्षे घालवली होती आणि उरलेला श्वास घेऊन ते इथे येऊन राहिले होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "उभा रहा रे. वारा पायातून येतो. छाती काय, नुसता रस्ता."

भीमरत्नांनी कारण सांगितले. मास्तर आत गेले, बायको ज्या खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होती ती मागून आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. नंतर वर्षानुवर्षे त्यांनी विषय काढला नाही. अगदी शेवटी, आजारपणात, एकदाच म्हणाले, "बसून तू चांगला वाजवतोस. उभा राहून कसा वाजवला असतास, ते मला ऐकू येतं. तुला येत नाही. बरंच आहे ते."

गोव्यातल्या एका हॉटेलचे बोलावणे मास्तरांनीच आणले होते. तिथे टेबलांमधून फिरत वाजवायचे होते. जहाजावरच्या बँडचेही तसेच. स्टुडिओत मात्र वादक बसूनच वाजवतात. पण भीमरत्न मुंबईला चौकशीला गेले तेव्हा तिथे एका की-बोर्डने रांगभर वादकांच्या खुर्च्या रिकाम्या केल्या होत्या. ते परतले, केबल जोडत राहिले, रोज पहाटे तासभर एकच सूर धरून बसत राहिले. यश म्हणजे आपल्या कामाची दुसऱ्याला गरज वाटणे, अशी व्याख्या केली तर ते अपयशी होते. पण सूर खरा लागला की नाही हे ज्याला रोज पहाटे कळते, त्याला या व्याख्येचा उपयोग काय, हा प्रश्न त्या व्याख्येने विचारात घेतलेला नसतो.

*

"काय घेऊया, सर?" बासवाल्या माणसाने कन्नडमध्ये विचारले.

"ब्लूज. बी-फ्लॅट. सावकाश."

त्याने मान हलवली. चष्मा डोळ्यांवर चढवला, मग काही वाचायचे नाही हे आठवून पुन्हा उतरवला. तरुणीने ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश उचलले.

भीमरत्नांनी पहिले वाक्य वाजवले आणि सवयीने थांबले.

रिकाम्या जागेत कुणीतरी बोलले.

ते खालून आले, जमिनीच्या पातळीवरून, लाकडाच्या पोटातून. बासवाल्याने तीन स्वर ठेवले होते, आणि ते बरोबर तिथे होते जिथे भीमरत्नांनी जन्मभर ऐकलेले, पण कधी न वाजलेले स्वर असत. त्यांनी दुसरे वाक्य वाजवले, जरा वाकडे, परीक्षा पाहावी तसे. उत्तर आले, तेही वाकडे, आणि मागून ब्रशने एक छोटीशी खोडी काढली, लांब, आखूड. भीमरत्न वाजवता वाजवता हसले. सॅक्सोफोनमध्ये हसता येत नाही, सूर फाटतो. तो फाटला. तरुणीने त्या फाटलेल्या जागी झांजेला हलकेच बोट लावले, जणू ते तसेच ठरले होते.

मग सभागृह कुठे गेले कोण जाणे. खुर्च्या मांडणारी माणसे पाण्याखालून चालल्यासारखी चालत होती. उंच खिडक्यांतून येणारे ऊन पिवळे, जाडसर झाले होते आणि त्यात काही तरंगत होते, धूळ असेल. भीमरत्न विचारत होते आणि त्यांना उत्तर मिळत होते. ते अडखळले तर कुणी हात देत होते, ते वाहवले तर कुणी बाही ओढत होते. आपण कोण, कुठले, किती वयाचे, हे ते विसरले नव्हते. ते विचारणारेच तिथे कुणी नव्हते. एकदा त्यांनी मुद्दामच लांब जागा सोडली, अगदी पूर्ण आवर्तनाची. ती दोघे त्या जागेत शिरली, आपसात बोलत राहिली, आणि भीमरत्न आपल्याच घरात पाहुणे आल्यासारखे ऐकत बसले.

शेवटचा सूर विझला तेव्हा बासवाल्याने कपाळ पुसले. "इन्नोंद सल, सर," तो म्हणाला. पुन्हा एकदा.

पारमिता रडत होती. पर्समधून रुमाल काढून तिने डोळे टिपले.

*

नेमका तेव्हा नागेंद्र छापून आलेली पुस्तिका घेऊन आला.

"आधी तुम्हाला दाखवायची होती, सर. बघा."

पानभर भीमरत्नांचे छायाचित्र होते. वर ठळक अक्षरांत: मानाच्या हलगीपासून सॅक्सोफोनपर्यंत, एका वाजंत्री घराण्याचा प्रवास.

"मी तुमच्या मूळ गावाला जाऊन आलो," नागेंद्र सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर भेट देणाऱ्याचा आनंद होता. "जुन्या लोकांशी बोललो. म्हणाले, त्यांच्या हलगीशिवाय आमच्याकडं वरात हलत नव्हती. काय मान होता, सर! म्हणून ही कल्पना सुचली. प्रमुख पाहुणे संध्याकाळी फाटकाशी उतरतील. तुम्ही त्यांच्या पुढं सॅक्सोफोन वाजवत चालायचं, फाटकापासून मंचापर्यंत. मागून पाहुणे, मग कमिटी."

भीमरत्नांनी पुस्तिका मिटली. भीमाप्पांनी पेटी मिटली होती तशी.

"नागेंद्रसर," पारमिता म्हणाली, "तो मान नव्हता. जातीनं लादलेलं काम होतं. आमच्या आज्जानं ती हलगी स्वतः जाळली. हे गावातल्या जुन्या लोकांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"तेच तर, मॅडम! तेच आपण उलटं करालोय. रिक्लेम करायचं. जे ओझं होतं त्याचाच उत्सव."

"उत्सव कुणाचा?"

"सगळ्यांचा."

नागेंद्र खोटे बोलत नव्हता. अपमान करण्यासाठी माणसाला थोडा तरी अंदाज लागतो. त्याच्याकडे फक्त संदर्भसूची होती.

"असं करूया की," भीमरत्न शांतपणे म्हणाले. "पाव्हण्याच्या म्होरं तुम्ही चाला. मी हितं बसून वाजवतो. लई झकास दिसंल."

ड्रमवाली तरुणी खुदकन हसली. नागेंद्रही हसला, मग ओशाळला. "सर, पाहुण्यांच्याच कृपेनं हे सगळं उभं आहे. त्यांना हा प्रवेश सांगितलाय, ते खूश झालेत. आता तो नाही म्हटलं तर तुमचा कार्यक्रमच मला काढावा लागेल. कमिटीला मी काय सांगू? एवढं एक करा. नंतर तासभर मंच तुमचा. खुर्चीवर बसा, मांडी घाला, काय वाट्टेल ते करा."

भीमरत्नांनी मंचाच्या कोपऱ्याकडे पाहिले. बासवाला माणूस वाद्य पोटाशी घेऊन उभा होता, हळूहळू काहीतरी गुणगुणत. तासभर. त्या माणसाबरोबर तासभर.

"बघतो," ते म्हणाले, आणि सॅक्सोफोन गळ्यात असतानाच बाहेर निघाले.

फाटकापर्यंतच्या वाटेवर लाल गालिचा अंथरला जात होता. ते त्याच्या कडेने मातीतून चालले. पारमिता मागोमाग आली.

"आप्पा, आज्जा जाऊन किती वर्षं झाली. तुम्हाला वाजवायचं असेल तर वाजवा. मी काही म्हणणार नाही. आजचं तुमचं वाजवणं मी ऐकलंय."

फाटकाशी ते थांबले. रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. त्यांनी दोन्ही पाय मातीत रोवले आणि सॅक्सोफोनची मुखनळी ओठांत धरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाजवण्यासाठी उभे राहून श्वास घेतला.

श्वास खरोखरच पायांतून आला. तो मांड्यांतून चढला, पोटात भरला, छाती नुसता रस्ता झाली. आणि जो सूर बाहेर पडला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो रुंद होता. त्याला तळ होता. पहाटेच्या सगळ्या सुरांची बेरीज केली असती तरी तो आला नसता. रस्त्यापलीकडच्या झाडावरून पाखरे उडाली. भीमरत्न तो सूर धरून राहिले, कारण सोडला की काय ऐकले ते मान्य करावे लागणार होते. मास्तरांना जे ऐकू येत असे ते हे. हे सगळे त्या खुर्चीखाली जन्मभर दाबून ठेवले होते.

फाटकावर भरमा नावाचा पहारेकरी स्टुलावर पेंगत होता. सूर ऐकताच तो धडपडत उठला, टोपी सारखी केली, फाटकाच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या, आणि कमरेत वाकून रस्त्याकडे पाहू लागला. वाजवणाऱ्याकडे त्याने पाहिलेच नाही. दारात असा सूर लागला की मागून कुणीतरी येत असते, एवढेच त्याला ठाऊक होते.

"आलं काय सायेब?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारले.

भीमरत्नांनी सूर सोडला.

"न्हाय," ते म्हणाले. "कोण आलेलं न्हाय. मीच हाय."

भरमाने आता कुठे वळून पाहिले, हिरमुसला, आणि एक झडप पुन्हा लोटून घेतली.

पारमिता डोळे विस्फारून उभी होती. "आप्पा, हा सूर..."

"व्हय. ऐकलं मी बी."

"असा कधीच..."

"मास्तर खरं बोलत हुतं." त्यांनी वाद्याची पट्टी गळ्यातून काढली. त्यांचा हात क्षणभर त्या पितळेवर राहिला. "आणि अण्णाबी."

आत जाऊन त्यांनी नागेंद्रला सांगितले, की जमणार नाही. नागेंद्र दुखावला, त्याने खरोखर मेहनत घेतली होती. "तुमच्यासाठीच केलं होतं, सर," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. भीमरत्नांनी त्याला नमस्कार केला. वाद्याच्या कळा पुसल्या, ते पेटीत ठेवले.

"इन्नोंद सल?" मंचावरून बासवाल्याने भुवया उंचावत विचारले. त्याला वाटले, हे चहाला निघाले आहेत.

"आमेले," भीमरत्न म्हणाले. नंतर.

त्याने आनंदाने मान डोलावली.

*

निपाणीच्या रस्त्यावर काकती मागे पडले. डावीकडे आकाश विटकरी झाले होते. पेटी मागच्या आसनावर आडवी होती. पारमिता अधूनमधून वडिलांकडे पाहत होती. ते समोर, काचेपलीकडे, कुठेतरी फार लांब पाहत होते. त्यांचा चेहरा निवळलेला होता, आणि थकलेला.

"वाईट वाटतंय, आप्पा?"

"त्या बासवाल्याचं नाव काय गं?" त्यांनी विचारले.

"मला माहीत नाही. तुम्ही विचारलं नाही?"

"न्हाय. वाजवालतो तवा लागलंच न्हाय नाव."

"संकेश्वरला थांबले की फोनवर शोधते. पुस्तिकेतपण असेल."

"ऱ्हाऊ दे." मग, जणू कुणाच्या तरी मोठ्या चांगुलपणाची गोष्ट सांगावी तसे, हलक्या आवाजात म्हणाले, "त्येनंबी माझं नाव इचारलं न्हाय."

पुढे उसाने गच्च भरलेली ट्रॉली संथ डुलत चालली होती. उजवीकडचा रस्ता मोकळा होता. पारमिताने गाडी तिच्या मागेच, तिच्याच वेगाने चालू दिली.